दोनशे उपयोगी वाक्यं

३ मार्च, सोमवार

कारखान्यात नव्याने नेमलेले सल्लागार म्हणाले, रोज लिहीत जा, प्रगती डोळ्यांना दिसते. म्हणून ही वही. लेकीच्या जुन्या वहीतली उरलेली पानं आहेत. पहिल्या अकरा पानांवर रसायनशास्त्र आहे, ते तसंच ठेवलंय. कुणी उघडलीच तर तिथेच कंटाळेल.

आज धाकट्या साहेबांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. दोघं म्हणजे मी आणि रेडिओ. आमच्या ब्रशच्या कारखान्यात विक्री विभाग म्हणजे एक टेबल, दोन फोन आणि आम्ही दोघं, गेली एकोणीस वर्षं. रेडिओ हे अर्थात त्याचं खरं नाव नव्हे. दुकानदाराने फोनवर सांगितलेली मागणी तो त्यालाच परत वाचून दाखवतो, तेही बातम्या दिल्यासारखी, एकेक शब्द सुटा करून. पार पॅकिंगपर्यंत ऐकू जातं.

वाचून दाखवायची पद्धत थोरल्या साहेबांनी घातलेली. फार पूर्वी एका शाळेने चित्रकलेसाठी नऊशे ब्रश मागवले होते आणि आमच्याकडून संडासचे गेले. तेव्हापासून नियम असा, की मागणी वहीत लिहायची, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवायची आणि गिऱ्हाईक स्वतःच्या तोंडाने ‘बरोबर’ म्हणालं की मगच खूण करायची. नाही म्हणालं तर पान फाडून टाकायचं. तशी मागणी आलीच नव्हती असं धरायचं.

आता थोरले साहेब गुडघ्यांमुळे घरीच असतात. धाकट्या साहेबांनी सांगितलं, की एक एप्रिलपासून विक्री विभाग राहणार नाही, मार्केटिंग विभाग होईल आणि त्यात माणूस एकच असेल. अठ्ठावीस तारखेला पन्नास दुकानं असलेल्या एका कंपनीच्या खरेदी अधिकारी बाई येणार आहेत. त्यांच्यापुढे जो नीट इंग्रजीत बोलेल तो मार्केटिंग प्रमुख. दुसऱ्याचं काय, ते साहेब बोलले नाहीत. छताकडे बघत राहिले.

मग सल्लागारांनी आम्हाला एकेक हिरवी पुस्तिका दिली. मार्केटिंग आणि व्यवसायासाठी इंग्रजीतली दोनशे उपयोगी वाक्यं, क्रमांक घातलेली.

मला बावन्नावं चालू आहे. लेकीच्या शिक्षणाचं एक वर्ष अजून बाकी आहे. या वयात दुसरीकडे मला दारातसुद्धा कुणी उभं करणार नाही. खरं लिहायचं तर माझी पाचावर धारण बसली आहे.

५ मार्च, बुधवार

रेडिओने पुस्तिकेतली तीन वाक्यं वाचली, पुस्तिका मिटली आणि वाकून टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवली. एकोणीस वर्षं डुगडुगणारं टेबल थांबलं. “घे, झाला उपयोग,” म्हणाला.

मी त्याला समजावलं, की ही चेष्टा नाही, दोघांतला एकच राहणार आहे. त्याला निवृत्त व्हायला साडेतीन वर्षं आहेत आणि घरात कमावता तो एकटाच. तो म्हणाला, “मग तू शीक ना. तुला कोण अडवतंय?” त्याच्या बोलण्यात राग नव्हता. माझीच सोय झाल्यासारखं मला वाटलं आणि त्याची थोडी लाजही वाटली. पण थोडीच.

८ मार्च, शनिवार

वाक्यं पाठ करायची माझी पद्धत ठरली आहे. दाढी करताना पाच, जिना उतरताना पाच. अर्थ लेक सांगते. ‘लेट्स सर्कल बॅक’ म्हणजे या विषयाकडे पुन्हा वळू. ‘लेट्स टेक इट ऑफलाइन’ म्हणजे यावर नंतर वेगळं बोलू. ‘इट इज अ वर्क इन प्रोग्रेस’ म्हणजे काम चालू आहे. मी विचारलं, यातलं काम संपल्याचं वाक्य कुठलं? तिने सगळी पुस्तिका चाळली आणि तसं वाक्य नाही म्हणाली.

सल्लागार सांगतात, घरीसुद्धा वापरा म्हणजे जीभ वळेल. आज बायकोने मोरीतल्या गळक्या नळाची आठवण केली तेव्हा मी म्हणालो, “लेट्स सर्कल बॅक.” तिने नळाखाली बादली लावली. म्हणजे वाक्याचा परिणाम होतो.

१२ मार्च, बुधवार

सल्लागारांनी घड्याळ लावून आमचं काम तपासलं. एक मागणी वाचून दाखवायला रेडिओला सरासरी एक मिनिट चाळीस सेकंद लागतात. सल्लागारांनी फळ्यावर गुणाकार केला आणि वर्षाला किती दिवस वाया जातात ते लाल रंगात लिहिलं. वाचून दाखवणं आजपासून बंद. त्याऐवजी गिऱ्हाइकाला म्हणायचं, “वी आर ऑन द सेम पेज.” हे चार सेकंदांत होतं.

मी लगेच सुरू केलं. लोखंडी सामानाच्या दुकानातल्या म्हाताऱ्याला म्हणालो तर तो म्हणाला, “कसलं पान? माझ्याकडे वहीच नाही. तू वाचून दाखव बघू.” मी फोन रेडिओकडे दिला. त्याने पाठ फिरवून, तोंडावर हात धरून हळूच वाचून दाखवलं. त्याचं हळूच म्हणजे फक्त अर्ध्या कारखान्याला ऐकू जातं.

१९ मार्च, बुधवार

आज लिहायलाच हवं असं घडलं. सकाळच्या बैठकीत साहेबांनी विचारलं, रंगाऱ्यांच्या ब्रशचे केस गळतात अशा तक्रारी का येतात? उत्तर सोपं आहे. गेल्या महिन्यापासून स्वस्तातला गोंद आणलाय. ते रेडिओने सांगितलं आणि साहेबांचा चेहरा पडला, कारण गोंद त्यांनीच आणवला होता. मग मी म्हणालो, “गोइंग फॉरवर्ड, वी सी धिस ॲज ॲन ऑपॉर्च्युनिटी.” साहेब एकदम खुलले. सगळ्यांदेखत माझ्या पाठीवर थाप मारली.

ते टेबलाखाली सारखं मांडीवर काहीतरी बघत होते. वाकून बघितलं तर हिरवी पुस्तिका! एवढा मोठा माणूस, पण शिकण्याची केवढी आवड.

गोंद तोच राहिला.

२३ मार्च, रविवार

घरात एक गोष्ट लक्षात आली. बायकोलाही वाक्यं येऊ लागली आहेत. तीन आठवडे रोज कानावर पडतायत, येणारच. जेवायला काय केलंय विचारलं तर म्हणाली, “इट इज अ वर्क इन प्रोग्रेस.” दीड तास जेवण नव्हतं.

माझी बहीण पंधरा दिवस राहायला येणार होती. तिचा फोन बायकोने घेतला. मी दाढी करत होतो, नीट ऐकू आलं नाही, पण बायको गोड आवाजात म्हणाली, “अहो वन्सं, लेट्स टेक इट ऑफलाइन.” त्यानंतर बहिणीचा फोन नाही. तिचा बेत का बदलला कुणास ठाऊक. नळ अजून गळतोच आहे. बादलीऐवजी आता मोठं घंगाळ लावलंय.

२८ मार्च, शुक्रवार

आजचा दिवस सोन्याचा!

बाई अकराला आल्या. चाळिशीच्या असतील. हातातली पिशवी घट्ट धरून बसल्या होत्या. पन्नास दुकानांची खरेदी बघणारी बाई, रोज अशा बैठका करत असणार, तरी कपाळावर घाम होता. आमच्याकडे पंखे कमी आहेत.

मी उभा राहिलो. पहिली तीस वाक्यं न अडखळता. “वी आर पॅशनेट अबाउट ब्रशेस.” “अवर कस्टमर इज ॲट द सेंटर ऑफ एव्हरीथिंग.” बाई म्हणाल्या, “वी आर लुकिंग फॉर अ विन-विन.” मी म्हणालो, “वी डिलिव्हर व्हॅल्यू.” त्या म्हणाल्या, “लेट्स थिंक आउटसाइड द बॉक्स.” मी म्हणालो, “ॲब्सोल्युटली.” असं पन्नास मिनिटं चाललं. एकदाही मतभेद झाला नाही. एकोणीस वर्षांत इतकं समजूतदार गिऱ्हाईक बघितलं नव्हतं. त्यांच्या पिशवीतून हिरव्या पुस्तिकेचं टोक दिसत होतं. वाचन चांगलं असणार, हे बोलण्यावरून मी आधीच ओळखलं होतं.

रेडिओ दाराजवळच्या खुर्चीवर मागणीवही उघडून, कानावर पेन्सिल ठेवून बसला होता. शेवटपर्यंत पेन्सिल कानावरच राहिली. बाई उठल्या तेव्हा त्याने काहीतरी विचारायला तोंड उघडलं. साहेबांनी नजरेने गप्प केलं. निघताना बाई दारात क्षणभर थांबल्या, आमच्या सगळ्यांकडे बघितलं, मग म्हणाल्या, “वी आर ऑन द सेम पेज.” आणि गेल्या.

साहेबांनी मला मिठी मारली. सल्लागारांनी साहेबांना मारली.

२९ मार्च, शनिवार

साहेबांनी सकाळी विचारलं, मग किती ब्रश बनवायला घ्यायचे?

माझ्या तोंडचं पाणी पळालं. किती ते बाई बोलल्या नव्हत्या. कुठले तेही नाही. केव्हापर्यंत तेही नाही. मीही विचारलं नव्हतं, कारण विचारायचं वाक्य पुस्तिकेत नाही. मी सल्लागारांकडे बघितलं. ते म्हणाले, इतक्या वरच्या पातळीवर असं थेट विचारणं बरं दिसत नाही. साहेबांनी मान डोलावली, पण त्यांचाही चेहरा उतरला होता. काल त्यांनी थोरल्या साहेबांना फोन करून मोठी मागणी मिळाल्याचं सांगूनही टाकलं होतं.

दुपारी रेडिओने बाईंचं कार्ड मागितलं. कशाला विचारलं तर म्हणाला, पत्ता उतरवून ठेवतो. त्याला असल्या नोंदींची हौस आहे. दिलं. मला जेवण गेलं नाही.

३१ मार्च, सोमवार

आली! बाईंच्या कंपनीचं पत्र आलं. सहा हजार बाटलीचे ब्रश, लांब दांड्याचे, चाळीस खोक्यांत, वीस एप्रिलपर्यंत. वर लिहिलंय, ‘फोनवर झालेल्या बोलण्यानुसार’. फोनवर बोलणं कधी झालं? ही त्यांची पत्र लिहायची पद्धत असावी. माझं बोलणं दोन दिवस त्यांच्या मनात घोळत राहिलं आणि मग मागणीच आली. सल्लागार याला वाक्यांची ताकद म्हणतात. साहेबांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी चढलो.

रेडिओला पत्र दाखवलं. त्याने वाचलं, आकड्यांवर बोट फिरवलं आणि “बरोबर,” म्हणाला.

१ एप्रिल, मंगळवार

मी मार्केटिंग प्रमुख. खोकी ठेवायच्या जागेला काच लावून मला खोली केली आहे. खुर्ची गोल फिरते.

पहिलं काम साहेबांनी तिथेच सांगितलं. शुक्रवारी रेडिओला तुम्हीच सांगा, सोमवारपासून यायचं नाही म्हणून. सल्लागारांनी पान दाखवलं, ‘अप्रिय बातमी देताना’. एकशे एकाहत्तर ते एकशे सत्त्याहत्तर. वाक्यं फार मऊ आहेत. सातही वाक्यांत नोकरी हा शब्द एकदासुद्धा येत नाही.

घरी सांगितलं. लेकीने पेढ्यासारखं गोड काहीतरी आणायला सुचवलं. बायकोने विचारलं, आणि रेडिओभावजी? मी म्हणालो, “वी विल सर्कल बॅक.” ती उठून मोरीत गेली आणि घंगाळ उपडं करून पुन्हा लावलं, बरंच आवाज करत.

४ एप्रिल, शुक्रवार

हे लिहायचं दुपारपासून टाळतोय. रात्र व्हायच्या आत लिहून टाकतो.

साडेबाराला रेडिओला काचेच्या खोलीत बोलावलं. तो मागणीवही घेऊनच आला, त्याला वाटलं काही मागणी आहे. मी सात वाक्यं सुरू केली. “वी हॅव डिसायडेड टू गो इन अ डिफरंट डिरेक्शन.” “धिस इज नॉट अबाउट यू.” “थँक यू फॉर युअर जर्नी विथ अस.” एकही अडखळलो नाही. आपल्या भाषेत मला पहिलं वाक्यसुद्धा बोलता आलं नसतं, हे बोलता बोलताच लक्षात आलं. त्याच्या डबा उघडण्याची, खोकण्याची, सगळ्याची मला एकोणीस वर्षांची सवय आहे. तिसऱ्या वाक्याला त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि लिहायला लागला.

“झालं?” त्याने विचारलं.

मी विचारलं, तुला कळलं का? तो म्हणाला, “एवढं इंग्रजी आता टेबलाच्या पायालाही येतं. थांब, वाचून दाखवतो.”

आणि त्याने वाचून दाखवलं. बातम्यांच्या आवाजात. काचेपलीकडे पॅकिंगमधल्या बायकांचे हात थांबले.

“चार एप्रिल. शुक्रवार. मागणी, एक माणूस कमी करणे. माणसाचं वय, साडेचोपन्न. केव्हापासून, सोमवारपासून. कारण, सांगितलं नाही. मागणी करणारा, त्याच्यासोबत एकोणीस वर्षं डबा खाल्लेला. बरोबर?”

मला त्याच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून वहीकडे बघितलं. डाव्या बाजूला आधीचं पान होतं. एकोणतीस मार्च, शनिवार. बाईंचं नाव. सहा हजार, बाटलीचे, लांब दांडा, चाळीस खोकी, वीस एप्रिल. पुढे खूण. आणि शेऱ्याच्या रकान्यात त्याच्या अक्षरात, ‘बाई म्हणाल्या, बरं झालं कुणीतरी विचारलंत. त्यांच्याकडेही खरेदीत एकच माणूस ठेवणार आहेत. दोन दिवस झोप नव्हती.’

पत्रातलं ‘फोनवर झालेल्या बोलण्यानुसार’ आठवलं. मी फिरत्या खुर्चीत बसलोय ती त्याने आणलेल्या मागणीवर, आणि त्याने ते मला एका शब्दाने कळू दिलं नव्हतं. मला स्वतःची इतकी शरम कधी वाटली नव्हती.

“बरोबर?” त्याने पुन्हा विचारलं. चढ्या आवाजात नाही. गिऱ्हाईक फोनवर विचार करत असलं की तो जसा थांबतो, तसा थांबला. फोनवर तो मिनिटभर थांबतो. आज त्याहून जास्त थांबला.

मला ‘बरोबर’ म्हणता आलं नाही.

त्याने पान फाडलं, चुरगाळून टोपलीत टाकलं. “मागणी नोंदली नाही,” म्हणाला आणि घड्याळ बघून डबा खायला गेला.

६ एप्रिल, रविवार

नळ दुरुस्त केला. आतली रबराची चकती झिजली होती. दहा मिनिटांचं काम. बायकोला शुक्रवारचं सगळं सांगितलं, एकही वाक्य न वापरता. ती म्हणाली, “अहो, मग उद्या साहेबांना जाऊन सांगा की मागणी त्यांनी आणली.” मी म्हणालो, सांगतो.

७ एप्रिल, सोमवार

रेडिओ नेहमीच्या वेळेला आला आणि नेहमीच्या खुर्चीवर बसला.

मी साहेबांकडे गेलो. आपल्या भाषेत, सरळ सांगितलं. मागणी माझ्या बोलण्याने आलेली नाही, रेडिओने फोन करून विचारलं म्हणून आली. त्याला काढायचं असेल तर चुकीच्या माणसाला काढताय. माझी नोकरी इथेच संपते, असं धरूनच बोललो.

साहेब सगळं ऐकून घेत होते. थोरल्या साहेबांना त्यांनी वाक्यांचा विजय म्हणून सांगितलंय, सल्लागारांना पुढचं वर्षभर ठेवलंय. त्यांची नजर मांडीवर गेली, एक पान उलटलं आणि ते म्हणाले, “आय हिअर यू.”

मी उभाच. मग त्यांनी दारातून बाहेर बघितलं आणि विचारलं, तो अजून इथे कसा? तुम्ही त्याला सांगितलं ना?

आणि मला बायको आठवली. गोड आवाजात बहिणीशी बोलणारी.

“सर,” मी म्हणालो, “इट इज अ वर्क इन प्रोग्रेस.”

साहेबांनी पुस्तिकेत बघितलं, मग माझ्याकडे. म्हणजे काय, असं विचारावं तर आपल्यालाच वाक्य कळलं नाही असं होणार. त्यांनी मान डोलावली आणि डायरीत लिहून घेतलं. कुठवर आलं ते शुक्रवारी पुन्हा येऊन सांगा म्हणाले.

११ एप्रिल, शुक्रवार

सांगितलं. “लेट्स सर्कल बॅक, सर.” साहेब “ॲब्सोल्युटली” म्हणाले. सल्लागारांनीही मान डोलावली.

बाटल्यांच्या ब्रशची पहिली दहा खोकी आज गेली. रेडिओ आता वाचून दाखवताना पाठ फिरवत नाही. गोंद पुन्हा पूर्वीचा चांगलाच आणायचा, असंही एका कागदावर ‘गोइंग फॉरवर्ड’ लावून साहेबांची सही घेतली. त्यांनी खालचं वाचलं नाही.

संध्याकाळी लेकीच्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला आणि स्वयंपाकघरात जाऊन बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. एकेक शब्द सुटा करून. रेडिओला निवृत्त व्हायला उरलेत एकशे ब्याऐंशी शुक्रवार. पुस्तिकेत वाक्यं दोनशे. दोन वापरून झाली. अप्रिय बातमीची सात कधीच वापरायची नाहीत. उरली एकशे एक्क्याण्णव. दर शुक्रवारी एक.

बायकोने हात पुसले, बोटांवर मोजून बघितलं आणि म्हणाली, “बरोबर.”